वाजणारं पिस्तूल

टक्.

दुपारच्या शांततेत तो आवाज इतका मोठा वाटला, की पिस्तूल धरलेला हात तसाच ताठ ठेवून मी श्वास रोखला. मधल्या खोलीत पाळणा होता, पाळण्यात अकरा महिन्यांची जुई आणि पाळण्याशेजारी चटईवर आडव्या झालेल्या माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. आत्यांच्या झोपेची मला काळजी नव्हती, जुईच्या होती. शेजारच्या घरात कुणी हळूच कडी लावली तरी डोळे उघडणारी पोरगी ती.

मी मनात दहा मोजले. पाळण्याच्या कड्या जराशा कुरकुरल्या आणि गप्प झाल्या. रडणं काही आलं नाही.

पिस्तुलाच्या बाजूची तरफ ओढून पुन्हा घोडा चढवला, समोरच्या भिंतीवर पेन्सिलीने काढलेल्या ठिपक्यावर हात आणला आणि बोट मागे घेतलं. टक्. पुन्हा दहा मोजले. पुन्हा त्या कड्या, पुन्हा शांतता. असे मी त्या दुपारी साठ खटके ओढले. संपूर्ण एक तास. जुई झाल्यापासून सलग एक तास माझा असा मला पहिल्यांदाच मिळाला होता.

चारच्या सुमाराला आत्या पदराने तोंड पुसत उठल्या.

"झोप लागली का, आत्या?" मी विचारलं.

"लागली की. चांगली दोन तास," त्या म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवायला गेल्या.

हे सांगलीतलं, सहा वर्षांपूर्वीचं. कॉलेजात असताना मी दहा मीटर एअर पिस्तूल मारायची. हवेच्या दाबावर छर्रा सुटतो आणि कागदाच्या निशाणाला भोक पडतं, एवढाच तो खेळ. पण त्या भोकासाठी मी दोनदा राज्य स्पर्धेला जाऊन आले होते. तेव्हा पिस्तूल संस्थेचं असायचं. लग्न झालं, संस्थेचं पिस्तूल संस्थेत राहिलं, मग जुई झाली. आता दसऱ्यानंतर बारा दिवसांनी पुण्यात राज्य संघाची निवड चाचणी होती. साठ छर्रे, सहाशेपैकी पाचशे चाळीस गुण. तेवढे पडले तर मी परत खेळाडू. नाही पडले तर हा विषय बंद, असं मीच घरात जाहीर करून बसले होते. जाहीर करताना आवाज जरा जास्तच ठाम निघाला होता, आणि नंतर तो मला मागे घेता येईना.

प्रश्न पिस्तुलाचा होता. हर्षद, माझा नवरा, टूव्हीलरच्या शोरूममध्ये काम करतो. 'जुनी द्या, नवी न्या' हे वाक्य तो दिवसातून चाळीस वेळा म्हणतो आणि त्याचा त्यावर मनापासून विश्वास आहे. त्याने पुण्याच्या एका दुकानदाराकडून नवीन मॉडेल आणलं. निळसर, हलकं, हवेची नळकांडी आधीच भरलेली, ट्रिगर बॅटरीवर चालणारा. दुकानदार ओळखीचा निघाला. म्हणाला, दसऱ्यापर्यंत वापरून बघा, मग काय ते सांगा.

त्याच आठवड्यात मिरजेच्या शिरगुप्पे मॅडमचा निरोप आला. त्या एका शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या, निवृत्त झालेल्या. एके काळी त्यांचा नेम जिल्ह्यात प्रसिद्ध होता. त्यांना त्यांचं जुनं पिस्तूल द्यायचं होतं, पण बघून द्यायचं होतं. म्हणजे मी पिस्तूल बघायचं आणि त्यांनी मला.

जुईला कडेवर घेऊन मी मिरजेला गेले. मॅडमनी दार उघडलं, आधी जुईकडे बघितलं, मग माझ्या उजव्या मनगटाकडे.

"बाळाला कुठल्या कडेवर घेतेस?"

"डाव्या."

"चांगलं आहे. उजवा हात शिल्लक ठेवलायस."

त्यांनी लाकडी पेटी उघडली. आत बावीस वर्षांचं पिस्तूल. मूठ अक्रोडाच्या लाकडाची, घामाने काळी पडलेली. दर वेळी तरफ पूर्ण उघडून जोराने बंद करायची, तेव्हा एका छर्ऱ्यापुरती हवा भरते. साठ छर्रे म्हणजे साठ वेळा ती कसरत. बॅटरी वगैरे प्रकार नाही. सरावासाठी हवा न भरता नुसता घोडा चढवता यायचा, त्याचा तो टक् आवाज.

मी हातात घेतलं. मूठ तळहातात अशी बसली, जशी कुणी माझ्या हाताचं माप घेऊन केली असावी. जुईने मॅडमच्या चष्म्याला हात घातला होता, तो सोडवत त्यांनी विचारलं, "दुपारी घरात कोण असतं?"

"सासूबाई असतात."

"स्वभाव कसा?"

पिस्तूल देताना हे कशाला लागतं ते मला कळेना. "चांगला आहे," मी म्हटलं.

"चांगला म्हणजे बोलका की अबोल?"

"तसा अबोलच."

"मग घेऊन जा. दसऱ्याला सांग, ठेवतेस की परत देतेस." आणि दारापर्यंत आल्यावर म्हणाल्या, "ह्याचा आवाज होतो हं. पण घाबरू नकोस. माझा मुलगा ह्याच आवाजावर झोपायचा."

अशी घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरात दोन पिस्तुलं आली.

हर्षदने दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि शोरूममध्ये गिऱ्हाइकासमोर उभा राहतो तसा उभा राहिला. "हे बघ. बावीस वर्षं. बावीस वर्षांची गाडी आपण भंगारवाल्याला देतो आणि वर त्याला चहा पाजतो."

"ही गाडी नाही."

"तत्त्व तेच. सर्व्हिसिंग कोण करणार? पार्ट कुठे मिळणार?"

"मॅडम म्हणाल्या, आजवर एक वॉशर बदललाय."

"म्हणजे त्यांनी एवढ्या वर्षांत वापरलंच नसेल."

आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांचं माहेर जतकडच्या उमदीचं. सांगलीत तीस-पस्तीस वर्षं काढूनही त्यांची बोली तिकडचीच राहिली होती.

"वापरलेलं हत्यार घरात आणू न्हाई," त्या म्हणाल्या. "कुणाचं काय झालंय त्यानं, कुणाला म्हाईत."

"आत्या, ह्याने आजवर फक्त कागदाला भोकं पाडलीत."

"मग एवढं जड कशाला? भोकं पाडायला दाभण हाय की."

हर्षद हसून खुर्चीवर बसला. आत्या पुढे आल्या, पदराला हात पुसले आणि जुनं पिस्तूल उचललं. मी सांगायच्या आतच त्यांनी हात समोर खांद्याच्या रेषेत लांबवला आणि एक डोळा बारीक केला. किलोभर वजन. नवशिक्याचा हात पाच मोजेपर्यंत थरथरायला लागतो. आत्यांचा हात खुंटीसारखा स्थिर. मी मनात वीस मोजले.

"आत्या, तुम्ही कधी धरलं होतंत का असं काही?"

"लाटणं धरलंय," त्या म्हणाल्या आणि पिस्तूल खाली ठेवून भाकरी थापायला गेल्या.

मी ठरवलं, एक दिवस जुनं, एक दिवस नवीन. दुपारी दीडला जुई झोपली की मी मागच्या खोलीत जायची आणि भिंतीसमोर उभी राहायची. छर्ऱ्याविना नुसता हात आणि ट्रिगर. नेमबाज ह्याला ड्राय प्रॅक्टिस म्हणतात, आणि खरा नेम त्यातच तयार होतो. रविवारी तेवढं रेंजवर जाऊन खरे छर्रे मारायचे.

नवीन पिस्तुलाचा पहिला दिवस. त्याला आवाज नव्हताच. बोट ट्रिगरला लागतं न लागतं तोच सुटायचं. कसरत नाही, तरफ नाही. फार आवडलं मला. पंधरा मिनिटांत पंचवीस खटके झाले आणि मधल्या खोलीतून जुईने भोकाड पसरलं.

मी धावत गेले. आत्या स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. "उठली व्हय? मला वाटलं, तुझं काम आटपलं असंल. चहा टाकत हुते."

दुसऱ्या दिवशी जुनं. टक्, टक्, साठ खटके, आणि जुई तासभर गाढ. तिसऱ्या दिवशी नवीन, वीस मिनिटांत रडणं. चौथ्या दिवशी जुनं, तासभर गाढ. मला शिरगुप्पे मॅडमचं बोलणं आठवलं. संध्याकाळी त्यांना फोन केला.

"मॅडम, तुम्ही म्हणालात ते खरं आहे. जुईला ह्याच्या आवाजाने झोप लागते. नव्याला आवाज नाही, तर ती उठते."

पलीकडे मॅडम बराच वेळ हसत होत्या. मग म्हणाल्या, "पाळण्याला दोरी आहे का गं?"

"आहे."

"मग ठीक आहे," म्हणाल्या आणि फोन ठेवला. माझा अंदाज असा झाला, की वयोमानाने त्यांचं बोलणं जरा तुटक होत चाललंय.

मी हर्षदला ही जुईची गंमत सांगितली. त्याचे डोळे चमकले. "म्हणजे तुला जुन्या पिस्तुलाची गरज नाही. जुन्या पिस्तुलाच्या आवाजाची गरज आहे."

त्याने मोबाइलवर साठ खटक्यांचं रेकॉर्डिंग केलं. त्यासाठी मी अर्धा तास स्नानगृहात उभी राहून पिस्तूल वाजवलं, कारण तिथे आवाज चांगला घुमतो म्हणे. पुढच्या दिवशी त्याची साप्ताहिक सुट्टी होती. दुपारी तो पाळण्याशेजारी मांडी घालून बसला, मोबाइल उशाशी ठेवला आणि मला खूण केली. आपला लेक नातीजवळ बसलाय हे बघून आत्या निवांत मनाने शेजारी गेल्या. शेजारच्या काकूंकडे देवीची ओटी भरायची होती.

मी मागच्या खोलीत नवीन पिस्तूल घेऊन उभी. मधल्या खोलीतून खणखणीत टक्, टक्. सहाव्या टक्ला जुई उठून बसली. आठव्याला तिने मोबाइल तोंडात घातला.

हर्षद तिला खांद्यावर घेऊन मागच्या खोलीत आला. मोबाइल लाळेने चिकट झाला होता आणि अजून वाजत होता. "रेकॉर्डिंगमध्ये ती मजा येत नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "स्पीकर चांगला घ्यायला पाहिजे."

रविवारी रेंजवर दोन्ही पिस्तुलांनी साठ-साठ छर्रे मारले. नव्यावर पाचशे बेचाळीस. जुन्यावर पाचशे सदतीस.

हर्षदने कागदावर दोन्ही आकडे लिहून फ्रिजवर चिकटवले. बोलायची गरजच नव्हती. पाचशे चाळीस लागत होते. एक आकडा रेषेच्या वर, एक खाली. शहाण्या माणसाने त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. जुन्यावर तरफ ओढून ओढून शेवटी शेवटी माझा खांदा भरून येत होता. नवीन घ्यायचं, हे माझ्याही मनाने घेतलं होतं. जुईच्या झोपेचं बघू काहीतरी.

तरीही अष्टमीला मी जुनंच हातात घेतलं. एकदा शेवटचं, म्हणून. दुपारची वेळ, बाहेर ऑक्टोबरचं ऊन, गल्लीत चिटपाखरू नाही. चाळीसेक खटके झाले आणि घसा कोरडा पडला. पाण्यासाठी स्वयंपाकघरात जायचं तर मधल्या खोलीतून जावं लागायचं. सराव अर्धा टाकून पिस्तूल कुठेही खाली ठेवायचं नाही, ही आमची पहिली शिकवण, म्हणून ते हातात घेऊनच मी अनवाणी दारापर्यंत आले.

जुई पाळण्यात चुळबुळत होती. एक मूठ वर आली, ओठ वाकडे झाले. आता दोन सेकंदांत रडणार, हे मला कळलं. मी पटकन तरफ ओढली आणि दारातूनच खटका वाजवला. टक्.

पाळणा हलला.

जुईने हलवला नव्हता. मी पडदा जरा बाजूला केला. आत्या चटईवर आडव्या नव्हत्या. भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून बसल्या होत्या. डोळे मिटलेले, मान एका बाजूला कललेली. पाळण्याची दोरी त्यांनी उजव्या पायाच्या अंगठ्याला गुंडाळली होती. अंगठा दोरीने लालभडक झाला होता.

मी पुन्हा तरफ ओढली. अगदी हळू. टक्. डोळे मिटलेलेच होते, अंगठा मागे ओढला गेला, पाळण्याच्या कड्या कुरकुरल्या आणि जुईची मूठ खाली आली.

खात्री करायची गरज नव्हती, पण मी तिसऱ्यांदा वाजवलं. टक्. अंगठा.

आवाज आला की मी सराव करतेय आणि पोर उठता कामा नये. आवाज नसला की माझं काम झालं, मग त्या चहा टाकायला मोकळ्या. एवढा सरळ हिशेब होता तो. जुईला आवाज आवडतो म्हणून मी मिरजेपर्यंत फोन करून सांगितलं होतं.

पाणी प्यायचं राहिलं. मी परत मागच्या खोलीत गेले आणि भिंतीवरच्या ठिपक्यासमोर उभी राहिले. ठिपका जरा धूसर दिसत होता. उरलेले वीस खटके मी न घाई करता ओढले, प्रत्येक खटक्यानंतर त्या कड्यांची कुरकुर ऐकून मगच पुढचा. तेव्हा लक्षात आलं, की त्या कुरकुरीएवढा वेळ थांबलं की श्वास बरोबर जागेवर येतो. जुन्यावर माझे गुण खांद्यामुळे जात नव्हते. घाईमुळे जात होते. अकरा महिने मी सगळंच घाईने करत होते, जेवणसुद्धा.

चारला आत्या उठल्या.

"झोप लागली का, आत्या?"

"लागली की. चांगली दोन तास."

मी त्यांच्या अंगठ्याकडे बघितलं नाही. त्यांनी पाय लुगड्यात ओढून घेतला. सांगितलं असतं तर त्या लाजून उठून गेल्या असत्या, आणि पुढच्या दुपारपासून ते असं राहिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी घरातली झाडून सगळी अवजारं चौरंगावर बसतात. विळी, कोयता, अडकित्ता, आत्यांच्या शिवणयंत्राची कात्री, हर्षदचा पाना आणि लॅपटॉप. आत्यांनी रांगोळी घातली, झेंडूची फुलं मांडली आणि टेबलावरच्या दोन पिस्तुलांकडे बघून मला विचारलं, "कुठलं ठेवू?"

"दोन्ही ठेव की," हर्षद म्हणाला.

"तसं न्हाई चालत. जे घरात ऱ्हाणार, तेच पूजेला बसतं. परत जायचं त्याला कशाला कुंकू?"

हर्षदने फ्रिजवरच्या कागदाकडे नुसती भुवई उचलली.

"वाजणारं ठेवा, आत्या," मी म्हटलं.

आत्यांचा हात फुलांच्या परडीत थांबला.

"शलाका, पाच मार्क," हर्षद हळूच म्हणाला.

"भरून काढीन."

"कुठून काढशील?"

"काढीन म्हटलं ना."

"नव्यावर तुझं जास्त पडतंय म्हनं," आत्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "उगं जुन्याचा हट्ट करू नगंस. तुला जायचंय पुण्याला."

"मला वाजणारंच बरं पडतं. वाजलं की कळतं, चाललंय म्हणून."

त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. किती कळलं त्यांना, मला आजही माहीत नाही. जुनं पिस्तूल दोन्ही हातांनी उचलून त्यांनी विळी आणि कोयत्याच्या मधे ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या.

तेव्हा मला झेंडूखाली एक दोरी दिसली. विणलेली, मधे हातभर पट्टी. आधीच्या वर्षीही बघितली होती, ताक घुसळायची असेल असं वाटलं होतं.

"ही कशाची, आत्या?"

"गोफण."

"तुमची?"

"मग काय तुझ्या सासऱ्याची? उमदीला ज्वारीच्या राखणीला मी असायची. रानातल्या माळ्यावर उभं ऱ्हायचं, गरागरा फिरवून फट्ट करून सोडायची. सगळं शिवार ऐकायचं."

"नेम होता का?"

"पाखराला न लागू द्यायचा नेम व्हता," आत्या फुलं सारखी करत म्हणाल्या. "कणसाच्या वरनं आन् पाखराच्या खालनं दगड गेला पायजे. कणीस बी ऱ्हातं, पाखरू बी ऱ्हातं. मारायचं कुनाला बी येतं."

"मग सोडली का?"

"सोडली कुठं? लगीन झालं. सांगलीत कुठली ज्वारी?" आणि नारळ माझ्या हातात देत म्हणाल्या, "वाढीव जरा."

नवीन पिस्तूल परत द्यायला हर्षद स्वतः पुण्याला गेला. येताना म्हणाला, दुकानदाराने कारण विचारलं तेव्हा काय सांगावं ते त्याला सुचलं नाही, म्हणून त्याने 'घरच्यांना आवाज लागतो' एवढंच सांगितलं.

दसऱ्याला मी पिस्तूल चौरंगावरून उचललं तर नळीतून एक अक्षता घरंगळली. तेल लावून, फडकं फिरवून साफ केलं, पण स्क्रूच्या खाचेतलं कुंकू काही निघेना. चाचणीच्या दिवशी पुण्यात पिस्तुलं तपासणाऱ्या माणसाने ते बोटाने खरवडून बघितलं.

"हे लाल काय?"

"कुंकू."

"आणि हे पांढरं?"

अजून एक अक्षता निघाली होती. त्याने ती उचलून माझ्या हातावर ठेवली, पिस्तुलाला मंजुरीचं चिकटपत्र लावलं आणि पुढच्याला बोलावलं.

रेंजवर माझ्या दोन्ही बाजूंना नवीन मॉडेलं होती. डावीकडच्या मुलीचे वीस छर्रे मारून झाले तेव्हा मी बाराव्यावर होते. तरफ उघडायची, बंद करायची, हात खाली ठेवायचा. मग मनात पाळण्याच्या कड्या कुरकुरू द्यायच्या. मगच हात वर. चाळिसाव्या छर्ऱ्यानंतर खांदा दुखायला लागला, पन्नासाव्यानंतर दुखायचा थांबला. शेवटचा छर्रा राहिला तेव्हा पाचशे चाळीसला नऊ कमी होते. घड्याळात सहा मिनिटं. मी तरफ ओढली, हात वर नेला, आवडला नाही, खाली घेतला. पूर्वी मी तो खाली घेतला नसता. पुन्हा कुरकुर ऐकली. पुन्हा हात वर नेला.

दहा पडले.

बाहेर येऊन घरी फोन लावला. आत्यांनी उचलला.

"आत्या, निवड झाली."

"किती पडले?"

"पाचशे एक्केचाळीस."

"लागत किती हुते?"

"चाळीस."

"मग एक जास्तीचा कशाला मारलास?" त्या म्हणाल्या, आणि मागून जुईचं काहीतरी बडबडणं ऐकू आलं. "थांब, ही फोन खातीया."

शिरगुप्पे मॅडमकडे पेढे घेऊन गेले तेव्हा मी त्यांना अंगठ्याची गोष्ट सांगितली. त्यांनी पेढा अर्धा मोडला. "माझ्या सासूबाई हाताने ओढायच्या. मला कळायला तीन वर्षं लागली. तुला आठवड्यात कळलं म्हणजे नजर बरी आहे तुझी."

"मग तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर सासूबाईंना 'दोरी ओढा' म्हणून तू नवीन घेतलं असतंस," मॅडम म्हणाल्या, आणि उरलेला पेढा त्यांनी जुईच्या तोंडात घातला.

हे सगळं मी जुईची शाळा सुटायच्या आधीच्या वेळात, आज थोडं उद्या थोडं, असं लिहीत आले. पाळणा माळ्यावर गेला. जुई पहिलीत आहे. आत्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, पण संध्याकाळी घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर त्या जुईला गोफण शिकवतात. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या काकूंच्या पाण्याच्या टाकीला ढेकूळ लागलं. आत्या म्हणाल्या, पाखराला तर न्हाई ना लागलं?

काल दुपारी मी मागच्या खोलीत सराव करत होते. पिस्तूल तेच, मूठ आता माझ्या घामाने काळी. आत्या मधल्या खोलीत झोपलेल्या, ह्या वेळी खरोखर. जुई जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. तिने विचारलं, आई, हे एवढं वाजतं, तर तू नवीन का नाही घेत? म्हणून मी तिला सगळं सांगितलं. तिला पाळण्यात घालून आजी पायाने दोरी कशी ओढायची, आणि मी वाजवलं की अंगठा कसा हलायचा. तिने स्वतःचा अंगठा हलवून बघितला आणि खूप हसली. मग रंगाचा खडू तसाच हातात धरून थोडा वेळ विचार करत राहिली. मी तरफ उघडली होती, बंद करायची होती.

"आई," ती म्हणाली, "बाबा पाळण्यात होते तेव्हा आजीला गोफण मारायची असली, तर बाबांची दोरी कोण ओढायचं?"